शेजारची खुर्ची

“हिला दुसऱ्या टेबलावर बसवा,” प्रमिला सबनीस व्यवस्थापकाला म्हणाल्या, तेही त्या बाईच्या तोंडावर. “आमच्याकडे बारा वर्षं पोळ्या लाटायला होती ही.”

ज्येष्ठांच्या त्या निवासात कालच राहायला आलेल्या इंदूबाई शेवाळे शांतपणे आमटी भुरकत होत्या. लेकीने त्यांच्यासाठी खोली घेतली होती, बागेकडची, सबनीसबाईंच्या खोलीपेक्षा मोठी. टेबलावरच्या बाकी दोघींनी आपापल्या खुर्च्या हळूच बाजूला सरकवल्या.

व्यवस्थापक गडबडला. “आजी, आजच्यापुरतं तिकडे बसता का?”

इंदूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “बारा वर्षं माझ्या हातचं खाल्लंत, बाई. तेव्हा विटाळ झाला नाही. शेजारी बसून जेवले की होतो?”

सबनीसबाई ताडकन उठल्या. “माझं ताट खोलीवर पाठवा.”

“पोळ्या वातड होतील हो,” इंदूबाई म्हणाल्या. “तुम्हाला तर तव्यावरचीच लागायची.”

सबनीसबाई तरातरा निघून गेल्या. त्यांच्या घरात रोज सगळ्यांच्या मागून, गार जेवलेल्या इंदूबाईंनी वाढप्याला हाक मारली आणि गरम पोळीवर आणखी थोडं तूप मागून घेतलं.