येते म्हणायचं राहिलं

"लिहा, ‘सुधीर, फोन कर. आईचं ऑपरेशन आहे,’" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"सुधीरची मेल परत येतेय ना वहिनी? मग सगळ्यांनाच लिहायचं." शेजारचे सीतारामपंत इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत होते. एकाच बोटाने, पण ऐट अशी, की जणू इंटरनेट यांच्या तीर्थरूपांनीच काढलं! सुधीरच्या अमेरिकेतल्या गावचा मराठी ई-ग्रुप त्यांनीच शोधला होता. "कुणाचं बाळंतपण असो, कुणाची नोकरी जावो, एक हाक मारली की पन्नास माणसं धावतात तिथे. नाहीतर आपलं हे कल्याण गाव! वरच्या मजल्यावरचा खाली येत नाही."

मंदाकिनीबाईंच्या हृदयाची झडप बदलायची होती. सोमवारी. डॉक्टरांनी जवळचं माणूस बोलवा म्हणून सांगितलेलं. जवळचं माणूस एकच, आणि गेल्या जूनपासून त्याचा फोन नंबरसुद्धा बदललेला.

"भांडण फार मोठं झालेलं का हो?"

"कसलं मोठं! तिकडे अमेरिकेत सुनेला माझ्या फोडणीचा वास खुपला. मी बॅग भरली. आणि निघताना माझी मेली जीभ! ‘येते’ म्हणायचं सोडून ‘जाते’ म्हणाले. घरातून निघताना असं बोलतं का कुणी?" बाईंचे डोळे भरले. "तेच लागलं असणार त्याला. तेही लिहा. आई चुकली म्हणावं. एकदा येऊन भेट म्हणावं."

पंतांनी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत हजर. ग्रुपवरून उत्तर आलेलं होतं. घाईघाईत बाई चष्मा घरीच विसरल्या होत्या.

"वाचा ना भावोजी. येतोय ना तो?"

पंतांनी मेल मनातल्या मनात वाचली. "उद्या बघू, वहिनी," एवढंच म्हणाले.

"उद्या काय उद्या!" बाईंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या डोळ्यांना लावला.

‘मेलेल्या बाईच्या नावाने असली थट्टा करताना लाज वाटत नाही? गेल्या जूनमध्ये सुधीरने स्वतः इथे लिहिलं होतं, आई गेली. तेरा दिवस आम्ही आळीपाळीने त्याच्या घरी डबे पोचवले. तरी शंका नको म्हणून काल तुमची मेल त्याला अख्खी वाचून दाखवली. तो म्हणाला, उत्तर देऊ नका.’