गादी सरकली

आर्मासच्या मणक्यातली गादी सरकल्यापासून सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडणं, गोठलेल्या तळ्यावरून पाणी आणणं, सगळं हेल्वीच्याच अंगावर पडलं होतं. आज सकाळीही तिने गुडघे टेकून नवऱ्याच्या पायांत मोजे चढवले, तेव्हा तो कण्हला होता, "हळू गं, कळ पार टाचेपर्यंत जाते."

दुपारी लाकडांची टोपली उचलताना तशीच कळ हेल्वीच्या कमरेतून निघाली आणि ती बर्फात कोसळली. आर्मास घरातून धावत आला. वाकून त्याने तिला दोन्ही हातांवर अलगद उचललं आणि तो भराभरा पायऱ्या चढू लागला. त्याला साधी धापही लागली नाही.

"फार दुखतंय का गं?"



"खाली ठेव मला," हेल्वी म्हणाली. "तुझ्या कमरेला झेपायचं नाही."