डावरी गाठ

विहिरीच्या गाळातून पांगाऱ्याचा बिंडा वर आला. पोहायला शिकणारी पोरं कमरेला बांधतात, तो हलक्या लाकडाचा ठोकळा. ईश्वरप्पानं लगोलग चुलत बहिणीला सांगावा धाडला.

गंगम्मा आली, पण विहिरीपासून दहा पावलांवरच थबकली. सदतीस वर्षं ती इकडं फिरकली नव्हती. तिचा धाकटा भाऊ रेवणसिद्ध ह्याच विहिरीत बुडाला. त्याच्या कमरेला बिंडा तीच बांधायची, आणि तो दोन्ही हात वर करून उभा राहायचा. त्या दिवशी प्रेत निघालं ते बिंड्याशिवाय. बिंडा कुठं गेला कुणाला कळलं नाही, पण गंगीची गाठ सुटली हे मात्र साऱ्या गावाला कळलं! तेव्हापासून बाईनं गाठ म्हणून मारली नाही. वासरू बांधायचं तरी शेजारणीला हाक.

आता लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आला, पाऊस काही आला नाही. म्हणून तर ही विहीर तळापर्यंत उपसायला घेतलेली.

"बहात्तरच्या दुष्काळातला असंल," गाळ काढणारा मलप्पा म्हणाला. "आमच्याच पोरांचा."

म्हातारा महादेवप्पा सुतार बिंडा धोतरानं पुसत होता. "उगं काहीबी बोलू नको. भोक बघ. काठ जळालेत. तापल्या सळईनं पाडलंय हे. भोक पाडायचं आमचं गिरमिट रझाकारांनी नेलं त्या उन्हाळ्यात बापानं असलं काम केलं. पोलीस ॲक्शन झाली अन् दिवाळीला नवं गिरमिट आणलं."

गंगम्मा दोन पावलं पुढं आली. रेवणसिद्ध बुडाला तोच उन्हाळा.

"गाठ...?" तिनं विचारलं.

"हाय की! अंबाडीचा दोर, गाळात होता म्हणून टिकला. फास जशाचा तसा." म्हाताऱ्यानं तो तिच्यापुढं धरला. "अन् गाठ डावरी हाय, पोरी. गावात डावरी पोरगी एकच होती."

"मग सुटला कसा?"

"सुटला न्हाई, अक्का," ईश्वरप्पा म्हणाला. "गाळाखालच्या कपारीत कोंबलेला होता, वर दगड ठेवून. आम्ही पोरंबी तेच करायचो. पोहायला आलं असं वाटलं, की फास खाली सरकवायचा अन् बिंडा दडवायचा. घरच्यांनी परत बांधू नये म्हणून."

गंगम्मा बिंडा घेऊन खाली बसली. गाठीवरून अंगठा फिरवला, ओढून बघितली. हलली नाही.

"लबाडा! मला इचारायचं तरी रं," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. मग हमसून हमसून रडली. महादेवप्पानं तिला रडू दिलं.

ऊन कलायला लागलं. अजून दोन हात गाळ होता. ईश्वरप्पाला खाली उतरायचं होतं, म्हणून मलप्पा त्याच्या कमरेला बांधायला दोर घेऊन आला.

गंगम्मानं डोळे पुसले, उठली आणि विहिरीच्या काठापर्यंत चालत गेली.

"आण इकडं तो दोर. मी बांधते."

मलप्पानं ईश्वरप्पाकडं बघितलं. ईश्वरप्पा पुढं झाला. दोन्ही हात वर करून अक्कापुढं उभा राहिला.