लाल दोरा

आज व्हेलिका आजी जागची हलत नव्हती आणि झाफिरचा कुंचला भलताच झरझर चालला होता.

गावातले निम्मे चितारी या आजीच्या भाकरीवर वाढलेले, झाफिरही त्यातलाच. नवं चर्च तिनेच बांधायला घेतलं होतं, म्हणून तिचं पूर्ण उंचीचं चित्र दाराशेजारी लागायचं होतं. पण बाईच्या कपाळावरची आठी काही केल्या जाईना. दिसते तशी काढली तर आजी खवळे, आणि गोड काढली असती तर सारं गाव हसलं असतं. दोनदा चेहरा खरवडून झाला होता. या वेळी नाही जमलं तर शेजारगावच्या चिताऱ्याला बोलावते, असं तिने बजावलं होतं.

काल चित्राच्या नव्या लाकडी फळीच्या मापासाठी झाफिरने तिला लाल दोऱ्याने डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं आणि दोरा खिशात टाकला. आजी पांढरीफटक पडली.

आज मात्र आठीचा मागमूस नव्हता. शेजारी बाकावर तिची धाकटी बहीण पेना अक्रोड फोडत बसली होती. अंगणातल्या त्याच अक्रोडाच्या झाडावरून भांडून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, तेव्हा झाफिर जन्मलाही नव्हता. आजी मधूनच हात पुढे करी आणि पेना त्यावर गर ठेवी. झाफिरला गलबलून आलं. हात मात्र त्याने थांबवला नाही.

ऊन बाल्कन डोंगराआड जायच्या आत चेहरा पुरा झाला. आजीने तो निरखून पाहिला.

"झक्कास. पण दोरा नीट ठेवलायस ना रे? दोनदा कोसळलं आपल्या चर्चचं घंटाघर. आता तरी उभं राहू दे."

झाफिर चपापला. गवंडी एखाद्याला दोऱ्याने मोजतात आणि तो दोरा भिंतीत चिणतात. भिंत टिकते, माणूस चाळीस दिवसांत जातो. इथे हे लहान पोरालाही ठाऊक होतं. खरं सांगितलं तर आठी परत येणार आणि चित्रही खरवडलं जाणार, हेही त्याला ठाऊक होतं.

त्याने खिशातला दोरा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"आजी, हा भिंतीसाठी नव्हताच. फळी कापायची होती, तिचं माप घेतलं मी."

आजी दोऱ्याकडे बघत राहिली. मग तिने पेनाकडे पाहिलं. कपाळावर आठी चढली. पेनापुढे केलेला हात मात्र तिने मागे घेतला नाही.

"गाढवा, मग कालच सांगायला काय झालं होतं? मी इकडे सगळ्यांना माफ करून बसले!"