दोनच चकल्या

"डावा चॅनल काकूंचा, उजवा तुमचा," शेजारची गार्गी लॅपटॉपवरच्या दोन रेघा दाखवत म्हणाली. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं रेकॉर्डिंग होतं. "कुणाच्या आवाजाला काय करू?"

"तिचा बंद कर," खटावकरकाका म्हणाले. "परवा तिच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांना ऐकवायचंय. तिला बघायला गेलो तेव्हा मी दोनच चकल्या खाल्ल्या, हे एकदा तरी मला सुखाने सांगू दे."

गार्गीने डावा चॅनल बंद केला. काकांनी हेडफोन लावला. त्यांचा एकट्याचा आवाज सांगू लागला, "मी आपल्या दोनच चकल्या खाल्ल्या." आणि मागून, बारीक पण ठणठणीत, "सात!"

"अगं, ही माझ्या माइकमध्येही घुसली!"

"जवळ बसल्या होत्या ना. थांबा, पुसून टाकते."

"नको!" काकांनी झटकन माउसच उचलला. मग हेडफोन कानांवर घट्ट दाबून त्यांनी ते "सात" पुन्हा तीनदा ऐकलं.

"तिचा चॅनल चालू कर. चांगला मोठा कर. माझाच जरा कमी कर."

मग ते गालातल्या गालात हसले. "आणि कुणाला सांगू नकोस, नऊ होत्या. दोन खिशात घातल्या होत्या, त्या तिला शेवटपर्यंत कळल्या नाहीत."