कड्याचं माप
सहासष्ट साली लंडनच्या आमच्या एवढ्याशा खोलीत मी बिनकंबरेचे, सरळसोट झगे शिवायचे आणि माझा नवरा क्लाइव्ह टेपरेकॉर्डरवर आवाज जुळवायचा. त्याला तो संगीत म्हणायचा. टेपच्या फितीची टोकं चिकटवून केलेलं लांबलचक कडं दुधाच्या बाटलीला आणि कापड बेतत उभ्या असलेल्या माझ्या कमरेला वळसा घालून फिरायचं आणि त्यावर टिपलेला गिरणीचा तोच खडखडाट सारखा वाजायचा. त्या दिवशी कडं पुरेना. “तू सरकलीस, थेल्मा.” “मी खांबासारखी उभी आहे.” “मग बाटली सरकली.” बाटली खडूच्या खुणेवरच होती. त्याची नजर माझ्या सैल झग्यावर थांबली. पोर आलं की संगीत संपलं म्हणायचा, म्हणून मी सांगितलं नव्हतं. त्याने फीत कापून कोरा तुकडा जोडायला घेतला. “एवढा लांब?” “अजून वाढशील ना.” खडखडाटात दर फेरीला थोडी मोकळी जागा येऊ लागली.