डावा पाय

चौथ्या उडीला कामिनी पुन्हा कोसळली.

सुकदेव सरांनी मोबाइल खाली घेतला. पारोळ्याच्या शाळेचं सभागृह मे महिन्याच्या सुट्टीमुळे रिकामं होतं आणि सकाळी नऊलाच पत्र्यातून आग उतरत होती. एकतीस वर्षं त्यांनी इथे पीटी शिकवली होती. निवृत्त झाले तरी त्यांनी मागितल्याबरोबर शिपाई निंबाने किल्ली आणून दिली होती. तो दारात बसून होता. सरांच्या लेकीचं पडणं बघून त्याने तोंड फिरवलं.

"पुन्हा," कामिनी जमिनीवरूनच म्हणाली.

"बस कर आता."

"नाना, पुन्हा."

न्यूझीलंडच्या एका डोंगरावर ती मुलांना स्नोबोर्ड, म्हणजे फळीवरून बर्फावर घसरणं, शिकवायला जाणार होती. फॉर्मात तिने डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल खरं लिहिलं. त्यावर तिथल्या लोकांनी एवढंच मागितलं: त्या डाव्या पायावर सलग दहा उड्या, एकसंध व्हिडिओ. आज तिथले संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत, म्हणजे इथले सकाळचे साडेदहा. नाही आला तर जागा दुसऱ्याला.

आधीचा मोसम तिने जॉर्जियात काढला होता. डिसेंबरात रोज फोटो यायचे. कमरेएवढा बर्फ, आणि कोंबडीमागे पिल्लं चालावीत तशी तिच्यामागे अठरा मुलं. जानेवारीत बर्फाऐवजी पाऊस लागला. उतार बंद, काम बंद, सहा जणी एका खोलीत बटाटे उकडून खात होत्या. फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला तेव्हा ती फोनवर बोललीच नाही, नुसती हसत राहिली. तिसऱ्या दिवशी ती उतारावर आपटली. चाकाच्या खुर्चीतून विमानात चढवून तिला घरी पाठवलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध बसवला आणि नऊ महिने खेळ बंद सांगितला. झाले होते तीन.

"पुढच्या वर्षी जा," सर म्हणाले.

"एक मोसम चुकला की कोणी परत विचारत नाही. आणि तोवर मी इथे काय करू? इथे बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो." ती हसली नाही. "तिथे फार चालायचं नसतं, नाना. दोन्ही पाय फळीला बांधलेलेच असतात."

 तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडलेली सरांनी पाहिली होती. आज पहिल्यांदा तिने स्वतःहून केस विंचरले होते.

पाचव्या खेपेला दोनच उड्या झाल्या. गुडघा आत वळला आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की निंबा उठून उभा राहिला.

"सर, आते बस करा. पोरना पाय शे तो, लाकूड नही."

पावणेदहा झाले होते. कामिनी लंगडत जाऊन भिंतीला टेकून बसली. खाली बघत म्हणाली, "उजव्या पायावर मारते उड्या. मोबाइलमध्ये व्हिडिओ उलटा करता येतो, आरशासारखा. उजवा पाय डावा दिसतो."

 तालुक्याच्या स्पर्धेत पाय मुरगळलेल्या एकाही पोराला सरांनी मैदानात उतरवलं नव्हतं. बाप हात जोडून उभे राहिले तरी नाही. "आज खेळेल आणि जन्मभर लंगडेल," असं ते त्या बापांना चारचौघांत सुनवायचे.

"नाही म्हणा, नाना," कामिनी म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार."

तिने डोळे मिटून घेतले.

 तिच्या डोक्याच्या वर भिंतीवर रंगवलेल्या सुविचाराकडे बघत सर म्हणाले, "इथे नको. अक्षरं उलटी दिसतील."

तिने डोळे उघडले.

"त्या कोऱ्या भिंतीपुढे उभी राहा. आणि मनगटावरचं घड्याळ काढ."

उजव्या पायावर तिने दहा उड्या मारल्या. पाठ ताठ, टाच हलकी, जणू कधी पडलीच नव्हती. सर मैदानातल्या मोठ्या आवाजात आकडे मोजत होते. सातला आवाज फाटला, पण मोजणी थांबली नाही. दहा म्हणून त्यांनी वर पाहिलं तर दारात निंबा नव्हता. उंबऱ्यावर किल्ली ठेवून तो निघून गेला होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी व्हिडिओ गेला. पाठवायचं बटण सरांनीच दाबलं. 

तिथल्या माणसाचं उत्तर लगेच आलं. कामिनीने ते मराठीत करून वाचलं. "फार छान. नऊ जूनला विमानतळावर मी स्वतः घ्यायला येतो." तिने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि लहानपणी रडायची तशी हमसून रडली. सरही तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला, आणि तीही गप्प झाली.

आज बावीस मे. विमानतळावर तो माणूस तिला चालत येताना बघणार होता.

"नाना," ती म्हणाली, "लंगडणं दिसणार नाही असं चालायला शिकवाल?"

सरांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर टाकली. तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं आणि स्वतः चार पावलं मागे सरकले.

"आधी टाच," ते म्हणाले. "मग चवडा. आणि दुखेल ते तोंडावर दिसू देऊ नकोस."